दारातला उजेड

सरका पुढे, माउली. गोष्ट ओंजळभर आहे, पण मन लावून ऐका.

"मावशी, हे रफू आहे की ठिगळ?" मालकाने कोट टेबलावर टाकला. काळ्या कोपरावर गडद निळा दोरा. गिऱ्हाईक परत करून गेलं होतं. "महिन्यातली ही तिसरी चूक. आता मी तरी काय करू?"

मावशी मान खाली घालून बसल्या होत्या. बावीस वर्षं त्या या दुकानात रफू करत होत्या. त्यांनी सांधलेली जागा डोळ्यांना सापडायची नाही, बोट फिरवावं लागायचं. घरी आजारी लेक आणि नात. दोघींचं पोट या एका सुईवर.

मालक मनाने वाईट नव्हता. मावशी दाराशी धुळीत बसतात, म्हणून त्यानेच त्यांना आत आणलं होतं. पंख्याखाली गादीची खुर्ची दिली. डोक्यावर नवी ट्यूबलाइट लावली. "ही आमच्या मावशींची मानाची जागा," असं सगळ्यांना सांगितलं. मावशींचे डोळे भरून आले होते.

पण तिथे बसल्यापासून काम रेंगाळू लागलं. मावशी घडीघडी उठायच्या, कपडा घेऊन दारापर्यंत जायच्या, परत यायच्या. दिवसाचे दहा कपडे सहावर आले.

"मावशी, दारात कोण मामा येणार आहे का?" मालक एकदा सगळ्यांदेखत म्हणाला. दुकान हसलं. "आता जागेवरून हलायचं नाही."

मावशी हलल्या नाहीत. कपडे पुन्हा दहा झाले. मालक खूश झाला. आणि मग चुका सुरू झाल्या.

"चुकलंच माझं, दादा," मावशींनी कोटाची घडी घातली. त्याने त्यांना घरी पाठवलं. कायमचं.

आठवड्याने एकजण काळी पँट घेऊन घाईत आला. बटण तुटलं होतं. मालक स्वतःच त्या खुर्चीत बसला, काळं रीळ उचललं, बटण लावून दिलं. माणूस दारापर्यंत गेला आणि माघारी वळला.

"अहो, हा निळा दोरा! डोळे तपासून घ्या की राव."

मालक दोन रिळं घेऊन दारात गेला. उन्हात एक काळं, एक गडद निळं दिसलं. आत आला. ट्यूबलाइटखाली दोन्ही काळी. पुन्हा दारात गेला. पुन्हा आत आला. मग दुकान तसंच टाकून मावशींच्या घरी धावला.

"मावशी, चूक तुमची नव्हतीच. बोलला का नाहीत?"

"एवढ्या मायेनं बसवलंत, दादा. त्या जागेला नावं कशी ठेवू?"

"चला परत. उद्यापासून दाराशीच बसा."

मावशी ओशाळं हसल्या. "काल नातीचा फ्रॉक घेतला होता शिवायला. इथंच, या उजेडात. घातलेला टाका उसवून पुन्हा बघते. चुकेल, चुकेल असंच वाटतं. आता खरंच जमत नाही मला."

माउली, तुमच्या हाताखालचं कुणी मागे पडायला लागलं, तर तोंड उघडण्याआधी या मावशींना एकदा आठवा.