पुण्याहून आलेलं फळ

गव्हाच्या कोठीत हात घालून अन्नपूर्णाबाईंनी फळ चाचपलं. आज बोट जरा आत गेलं. पिकलं एकदाचं.

लेकीनं, अंकितानं, पुण्याहून दोन अ‍ॅव्होकाडो पाठवले होते. पहिल्याची त्यांनी फोडणी देऊन भाजीच केली होती. हिरवं आणि टणक दिसलं की आपल्याकडे ते कढईतच जातं. भाजी इतकी कडू झाली, की त्यांनी स्वतःचा घास थुंकून टाकला. नत्थूजींनी मात्र वाटीभर मुकाट्याने गिळली.

एकेकाळी याच माणसानं बायकोचं एकही ताट नावं न ठेवता संपवलं नव्हतं. पहिला घास घेतला की "मीठ" एवढंच म्हणायचे. कमी की जास्त, ते अन्नपूर्णाबाईंनी ओळखायचं. लकवा मारल्यापासून वाचा गेली आणि तक्रारही गेली. पण ती कडू भाजी त्यांनी गिळलेली पाहून अन्नपूर्णाबाईंना पहिल्यांदा भीती वाटली. माणूस खाटेवर आहे की निघून गेला?

"शिजवू नोको ना, आई," अंकिता फोनवर सांगत होती. "नुसतं ठेचायचं. ग्वाकामोले म्हन्तेत त्याले. बाबाले ताकद येईन. टमाटर, मिरची, लिंबू, कोथिंबीर. आखरीले मीठ."

इकडचा सांबार पुण्यात राहून पोरीच्या तोंडी कोथिंबीर झाला होता. अन्नपूर्णाबाईंनी हो हो म्हणत फोन ठेवला आणि खलबत्ता पुढे ओढला. ग्वाकामोले काही त्यांच्या जिभेवर बसेना, त्यांनी मनातल्या मनात त्याला ठेचाच म्हटलं.

पाठ ठणकत होती. रात्री उठून उठून कूस बदलून द्यायची, दिवसा भरवायचं, पुसायचं. वर सेवाग्रामच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, त्यांच्याशी बोलत राहा, कधीतरी उत्तर देतील. त्या बोलल्याही खूप. पाऊसपाणी, शेजारच्यांची भांडणं, कपाशीचा भाव, सगळं सांगून झालं. भिंतीशी तरी किती बोलणार? आता त्या कामापुरतंच बोलत.

फळ लोण्यासारखं मऊ निघालं. मिरची त्यांनी कणभरच घेतली, टमाटरचं साल काढलं, सांबार घशात अडकू नये म्हणून पार गंध केला, वर लिंबू पिळलं. तेवढ्यात आतून खाटेच्या लोखंडावर नत्थूजींच्या चालत्या हाताची टकटक झाली.

अंथरूण ओलं झालं होतं. नत्थूजींना एका कुशीवर केलं, चादर ओढली, दुसऱ्या कुशीवर केलं, धुतलेली घातली. हात धुऊन परत आल्या, तेव्हा खलबत्त्यात काय घालायचं राहिलं होतं ते डोक्यातून पार गेलं होतं. त्यांनी सगळं वाटीत काढलं आणि खाटेशी येऊन बसल्या.

"घ्या. पोरीनं पाठवलं."

चमचा तोंडात गेला. एरवी गेला की गिळलाच. आज नत्थूजींचा जबडा थांबला. कपाळाला आठी पडली. वाकडा ओठ हलला, लाळ ओघळली आणि घशातून काहीतरी खरखरत वर आलं.

"मी… ठ."

"मंग घ्या ना उठून!" अन्नपूर्णाबाई एकदम भडकल्या. "मी एकटी कुठं कुठं पुरू? सकाळपासून बूड टेकलं नाई माह्यं, अन् तुमाले…"

बोलता बोलता त्या मिठाच्या बरणीकडे निघाल्याही होत्या. दाराशी पाय थांबले.

त्या वळल्या. परत खाटेच्या कडेला येऊन बसल्या. पदरानं त्यांची हनुवटी पुसली.

"ऐकू नाई आलं मले," त्या म्हणाल्या. "काय पाह्यजे? परत म्हना."