एका सेल्फमध्ये

प्रधानसाहेब तीन वर्षांसाठी मस्कतला निघाले तेव्हा पनवेलच्या बंगल्यातली फिएट त्यांनी ड्रायव्हर काशिरामच्या गळ्यात घातली. "दर रविवारी वीस मिनिटं जागेवरच चालू ठेवायची. बॅटरी मेली नाही पाहिजे आणि गाडी गेटाबाहेर गेली नाही पाहिजे. परत आलो की नोकरी तुझीच." काशिरामनं देवाशप्पथ हो म्हटलं.

बंगल्यामागच्या खोलीत राहून त्यानं ती बॅटरी तान्ह्या पोरासारखी जपली. पाणी घातलं, टर्मिनलला व्हॅसलिन फासलं, एक रविवार चुकवला नाही. दुसऱ्या वर्षी त्याच्या बायकोला, संजनाला, कळा सुरू झाल्या त्या दिवशी नेमका रिक्षांचा बंद होता. "गाडी काढा," ती कळवळली. "सायबाला शब्द दिलाय," म्हणत त्यानं तिला हातगाडीवर घातलं. दवाखाना येईपर्यंत पोर पोटातच गेलं.

साहेब परत आले. चावी फिरवली आणि गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. मीटरवर आकडा तोच, तीन वर्षांपूर्वीचा. शाबासकी मिळेल म्हणून काशिराम शेजारी उभा राहिला.

"नुसती जागेवर चालवून बॅटरी एवढी ताजी राहत नाही, आणि मीटर एक किलोमीटर पुढं नाही," साहेब म्हणाले. "मीटरची केबल काढून भाडी मारलीस ना? तुम्हा लोकांची हुशारी मला ठाऊक नाही होय? किती फेऱ्या मारल्यास ते सांग आणि खोली रिकामी कर."

मागून संजना पुढं आली.



"येक पन नाय मारली, सायेब. येकच मारायला पायजे व्हती."