पायऱ्यांचे गुण

अनसूया टीचरनं उत्तरपत्रिका टेबलावर अशी आपटली, की शेजारी बसलेल्या तेलुगूच्या मास्तरांचा चहा बशीत सांडला.

पुन्हा श्यामला. पुन्हा गणितात नापास. नववीत तिचं हे तिसरं वर्ष, आणि बाकीच्या सगळ्या विषयांत पोरगी आरामात पास.

मास्तर बशी पुसत म्हणाले, नसतं एखाद्याच्या डोक्यात गणित, तुम्ही कशाला रक्त आटवता. त्यानं तर अनसूया जास्तच भडकली. डोक्यात नसतं तर दुःख नव्हतं. सिरसिल्ल्यात मागवाल्या विणकरांची पोरं शिकवण्यात तिची उमर गेली होती, पण अशी मेहनती पोरगी तिनं पाहिली नव्हती. सांगितलं ते सगळं श्यामला करायची. सोडवलेलं उदाहरण वाचायचं, मग पुस्तक मिटून स्वतः करायचं. चुकलं तर उत्तर उतरवून घ्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून मांडायचं. आणि खरंच समजलंय का ते पाहायला दुसऱ्या कुणाला तरी समजावून सांगायचं. मधल्या सुट्टीत चिंचेखाली तिच्याभोवती पोरींचा घोळका असायचा. तिच्याकडून बीजगणित शिकलेल्या पोरी दहावीला गेल्या. ही तिथल्या तिथेच.

पेपरात काय, तर समीकरण बरोबर, पायऱ्या सुबक, आणि शेवटच्या ओळीत माती. वजाचं अधिक केलेलं. साधा गुणाकार चुकलेला. निष्काळजीपणाची अनसूयाला भयंकर चीड होती.

परीक्षेआधीच तिनं श्यामलाला समोर उभं करून झापलं होतं.

"उत्तर आलं की ताळा करतेस का?"

"करते, टीचर."

"खोटं बोलू नकोस. ताळा केल्यावर चूक दिसत नाही?"

"दिसते, टीचर."

"मग दुरुस्त करायला हात मोडतात का?"

श्यामला मान खाली घालून उभी राहिली. त्या गप्प राहण्याचा टीचरला इतका राग आला, की तिनं नको ते ऐकवलं. बापाच्या घामाची किंमत नाही, म्हणाली. फुकट बाक अडवून बसलीयेस, म्हणाली.

आता ती उत्तरपत्रिका पुढ्यात होती. अनसूयानं ती पुन्हा उघडली. उत्तर चुकलं की अख्ख्या गणितावर काट मारायची, ही तिचीच शिस्त. बोर्डसुद्धा पायऱ्यांना गुण देतं, आपण का देत नाही? या वेळी राग स्वतःवर आला. दातओठ खात तिनं लाल पेन घेतलं आणि प्रत्येक बरोबर पायरीसमोर गुण टाकत गेली. फुकटचा एकही नाही, सगळे हक्काचे. बेरीज केली. श्यामला पास झाली होती.

हेडमास्तरांनी उत्तरपत्रिका चाळली, हरकत नाही म्हणाले, सही केली.

निकालापर्यंत थांबायला तिला धीर नव्हता. शाळा सुटताच ती विणकरांच्या गल्लीत गेली. वाटेत काय काय बोलायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. दहावीत असला गलथानपणा चालणार नाही, तुला रोज माझ्यासमोर बसवीन, बघतेच कशी चुकतेस.

श्यामला दारातच मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. टीचरला पाहून उठली.

"पास झालीस," अनसूया म्हणाली. आवाजातला राग तिनं मुद्दाम तसाच ठेवला.

पोरीच्या हातातली कांडी खाली पडली. "कसं शक्य आहे, टीचर?"

"पायऱ्यांचे गुण दिले. उपकार नाहीत केले."

श्यामला ना हसली, ना पाया पडली. वळली आणि आत निघून गेली. अनसूयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं करून ही तऱ्हा.

बाप, मल्लेशम, माग बंद करून बाहेर आला. अंगावर सुताची धूळ. बातमी ऐकून त्यानं दोन्ही हात जोडले, आणि त्याचे डोळे भरून आले. अनसूयाला जरा बरं वाटलं. निदान या माणसाला तरी किंमत होती. त्यानं आत चहा टाकायला सांगितलं, आपल्या धाकट्या भावाला हाक मारून करीमनगरला फोन लावायला सांगितलं आणि तिच्यासाठी स्वतः खुर्ची पुसली.

"लई उपकार झाले अम्मा," तो म्हणाला. "माझी आई जाताना माझ्याकडून शब्द घेऊन गेली होती, पोर नववी पास झाल्याबिगर तिचं लगीन लावायचं नाही. करीमनगरचे पोराकडचे बिचारे दोन वर्षं थांबलेत. आता याच महिन्यात उरकून टाकतो."