समोरच्या गॅलरीतली सतरंजी

"काकू, खरं सांगा, रविवारी तुमच्याकडे कामं करतं कोण?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि तिलाच हायसं वाटलं. मैत्रिणींनी पैज लावली होती की ही वर्गातच फुशारक्या मारेल, समोरच्यांच्या दारात गेली की दातखीळ बसेल. नाही बसली. गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत तिने अख्ख्या शाळेसमोर सात मिनिटं तोंड चालवलं होतं. तेव्हापासून ती कोणालाही काहीही विचारू शकत होती.

समोरच्या काकू टपाल कचेरीत होत्या. काका एका कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळायचे. त्यांची मुलगी हिच्याच वर्गात, शेजारच्या बाकावर. तिचं नाव हिने 'महाराणी' ठेवलं होतं, आणि ते उगाच नाही. दर रविवारी सकाळी नऊ वाजता समोरच्या गॅलरीत सतरंजी पडायची. काका तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आडवे. काकू कठड्याला पाय टेकून. महाराणी दोघांच्या मधोमध पालथी पडून पुस्तक वाचत. दुपारपर्यंत कोणी म्हणून हलायचं नाही. मध्येच तिघं अशी काही हसायची की रस्त्याच्या अलीकडे ऐकू यायचं, आणि इकडे हिचा असा जळफळाट व्हायचा की हिच्या डोक्यावर चहा उकळला असता.

कारण हिच्या घरी रविवार म्हणजे उरकायचा वार. बाबा बस चालवायचे, आई रुग्णालयात परिचारिका. दोघांना मिळून आठवड्याची एकच सुट्टी, आणि त्या सुट्टीत दोघांचा पाय जमिनीला लागायचा नाही. जरा बसा ना माझ्याजवळ, असं ती म्हणाली की आईचं ठरलेलं उत्तर, एवढं उरकलं की बसतेच. ते 'एवढं' आजवर उरकलं नव्हतं. संध्याकाळी आई बसायची ती बसल्या जागीच झोपायची. बाबा सोमवारच्या पहिल्या बससाठी गजर लावायचे. संपला रविवार. आणि ही बिचारी दिवसभर खिडकीला टेकून समोरच्यांचं सुख बघत बसलेली असायची.

समोरच्यांनी कामाला कोणीतरी ठेवलंय आणि ते लपवतायत, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. आज ऐन रविवारी त्यांच्या गॅलरीत येऊन ती ते उघडकीला आणणार होती.

काकू हसल्या. कोणी नाही गं, आमचा शुक्रवार असतो ना, म्हणाल्या. शुक्रवारी संध्याकाळी तिघंही आपापलं उरकतात. घरात कायदा एकच. ज्याची सोमवारची तयारी झाली नाही, त्याला सतरंजीवर जागा नाही. मागे काकांच्या शर्टांना इस्त्री करायची राहिली, तर त्यांना अकरापर्यंत उंबऱ्यावर बसवलं होतं. वर्तमानपत्राखालून आवाज आला, साडेअकरा.

एवढंच? तिला फसवल्यासारखं वाटलं. तेवढ्यात महाराणीने पुस्तकातून डोकं वर काढलं.

"तुझी मजा आहे बाई. मी दर रविवारी आईला तुझंच उदाहरण देते."

"माझं?"

"मग कोणाचं? बघ की तिकडे."

तिने वळून पाहिलं. आपलं घर या बाजूने तिने कधी पाहिलंच नव्हतं. पहिल्या खिडकीत बाबा पांढऱ्या बुटांना पॉलिश करत होते. मध्येच थांबून दुखरी मान डावीकडे वळवत होते, उजवीकडे वळवत होते. बूट तिचे होते. दुसऱ्या खिडकीत आई इस्त्री करत होती. गणवेश तिचा. बाजूला कव्हर घालायच्या वह्यांचा ढीग, तोही तिचाच. दोरीवर तिचे मोजे, तिचा खेळाचा ड्रेस, तिची ओढणी. तिसऱ्या खिडकीत तिची खुर्ची होती, रिकामी. आणि खिडकीच्या कट्ट्यावर एक लहानशी उशी. टेकून टेकून लेकीची कोपरं दुखतात म्हणून आईने शिवलेली.

काकूंनी सरकून सतरंजीवर जागा केली, बस म्हणाल्या. ती बसली नाही. तिचं दप्तर शुक्रवारपासून पलंगाखाली तसंच पडलं होतं.

रस्ता ओलांडून ती घरात शिरली ती सरळ बाबांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांच्या हातातला बूट तिने काढून घेतला. इस्त्रीचं बटण बंद केलं. कट्ट्यावरची उशी उचलून बाबांच्या मानेमागे ठेवली. आईने बाबांकडे पाहिलं, मग तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाहीये मला. नीट ऐका दोघंही. आजपासून माझं सगळं मी करणार, तेही शुक्रवारीच. आणि पुढच्या रविवारी नऊच्या ठोक्याला आपलीही सतरंजी पडलीच पाहिजे. समोरच्यांना जळू दे की जरा. इतकी वर्षं मी एकटीच जळतेय."