देवस्थळींचा आवाज

दूध केंद्राच्या रांगेत शमीमबाईंनी नरहर देवस्थळींना गाठलं. "काका, काल रेडिओवर तुम्ही समजावलंत, म्हणून पोरीच्या लग्नाला हो म्हटलं बघा."

"आणि माझ्या पोराचं ठरलेलं लग्न मोडायला लावलंत!" मागून घाटगे सर कडाडले.

देवस्थळींना काही उमजेना. रेडिओवरचा आपला 'सडेतोड' कार्यक्रम बंद करून त्यांना अकरा वर्षं झाली होती. तेव्हा रोज सकाळी ते साऱ्या सांगलीला एकच गोष्ट सुनावायचे आणि दिवसभर गाव त्यावरून भांडायचं. निवृत्त होताना आपला आवाज वापरायला त्यांनी रेडिओवाल्यांना सही करून दिली होती, एवढंच आठवत होतं. आता त्यांच्या जुन्या कार्यक्रमांवरून बोलायला शिकवलेला घरोघरचा रेडिओ त्यांच्या आवाजात ज्याच्या त्याच्याशी वेगळं बोलत होता.

घरी येऊन त्यांनी तो पहिल्यांदाच लावला.

"नमस्कार नरहरराव! बोला, काय अडलंय?"

"शमीमबाईंना एक आणि घाटग्यांना भलतंच? अरे, मी असं कधी केलं होतं?"

"माणूस बघून बोलावं लागतं, नरहरराव."

"साफ खोटं! तू मी नाहीसच."

"थांबा हं, चहा आला," आवाज म्हणाला. "ठेव गं सुमन, इथे."

कार्यक्रम घरूनच व्हायचा, तेव्हा त्यांच्या पत्नी सुमनताई अशाच मध्येच चहा घेऊन यायच्या. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

देवस्थळी गोंधळून दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी टेबलावरचा पेपर सरकवून कपापुरती जागा केली.