मिसळून भरलेली गाडी

खाली ग्यानोबाचा केळीचा घड, त्यावर नागुबाईचा, मग केरबाचा, पुन्हा ग्यानोबाचा. गाडी अशीच भरायची, हा गावाचा रिवाज. हैदराबादचा व्यापारी यायच्या आत सगळ्यांचे घड मिसळलेले असत. कुणाचा कोणता, हे त्याला ओळखू येत नसे आणि भाव सगळ्यांना एकच मिळे.

पाहुणे ट्रकशेजारी उभे राहून हे बघत होते. ऑगस्टिन त्यांचं नाव. दूरच्या समुद्रातल्या एका लहानशा बेटावर केळी खात्यात त्यांची नोकरी झालेली. नांदेडला परिषदेसाठी आले होते. कृषी महाविद्यालयातल्या नरवाडे मॅडम त्यांना अर्धापूरकडच्या बागा दाखवायला घेऊन आल्या होत्या. बागेत शिरतानाच ते म्हणाले होते, ‘एवढा मोठा घड आमच्याकडेही क्वचित येतो.’

"केवढा देस हाय यांचा?" नागुबाईने पदराला हात पुसत विचारलं.

"आपले दोन-तीन तालुके मिळून होतील, तेवढा," मॅडम म्हणाल्या.

ग्यानोबा हसला. "इथं लोकं नवा जिल्हा मागून राहिले. आपुन सरळ देसच मागू की, काकू!"

मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलं. पाहुणे मोठ्याने हसले. आमच्यावर इंग्रजांचं राज्य होतं, ते म्हणाले. इंग्रज गेले आणि एकेक बेट एकेक देश झालं.

"आमच्यावर निजाम होता म्हणावं. म्हंजे सोयरेच झाले," ग्यानोबा म्हणाला.

पाहुण्यांनी विचारलं, पुढची गाडी कधी भरणार?

ग्यानोबाचं हसू ओसरलं. "पुढच्या गाडीत माझा माल असंल का न्हाई, काय सांगावं. कंपनी दुबईला पाठवतो म्हणती. उद्या त्यांचा माणूस येऊन राहिला. म्या अजून हाव म्हणलं न्हाई." तो नागुबाईकडे न बघता बोलला. "निम्मी गाडी माझीच असती. मी गेलो तर व्यापारी ह्या गावाला कशाला येतो? काकूकडं बघितलं की जीव मागं येतो."

इसापूरच्या कालव्याला यंदा पाणी सुटलं नव्हतं आणि नागुबाईची विहीर दिवाळीनंतर आटली होती. तिची केळी बोटासारखी बारीक राहिली होती. मिसळलेल्या गाडीत ती खपत. एरवी कुणी घेतली नसती.

कंपनीला ग्यानोबाचं नाव मॅडमनीच सुचवलं होतं. त्याच्या फळांची जाडी त्यांनी स्वतः कॅलिपरने मोजली होती. अशा दुष्काळात निदान एक घर तरी तरेल, असं त्यांनी स्वतःला बरेचदा सांगितलं होतं.

मॅडमनी ग्यानोबाचं बोलणं इंग्रजीत सांगितलं, तसे पाहुणे गंभीर झाले. ‘हे त्यांना नीट सांगा,’ म्हणत त्यांनी चार बोटं वर धरली. आम्ही शेजारची चार बेटं. चौघांची केळी एकाच जहाजात जायची. आमचा माल सगळ्यांत मोठा. एका बड्या परदेशी खरेदीदाराने आम्हाला म्हटलं, तुम्ही वेगळे या, जास्त भाव देतो. आम्ही गेलो. त्यांनी एक बोट दूर केलं. मग जहाज भरेना. ते यायचं थांबलं. उरलेल्या तिघांच्या बागा संपल्या. पुढे त्या खरेदीदाराला दुसरीकडचा माल स्वस्त पडला आणि त्याने आम्हालाही सोडलं. तेव्हा आम्ही शेजाऱ्यांकडे परतलो, पण न्यायला जहाजच उरलं नव्हतं.

"काय म्हणले, म्याडम?" ग्यानोबाने विचारलं. "शिप, शिप म्हणून राहिले. जहाजाचंच ना?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "त्यांची केळीही जहाजाने जायची. एका मोठ्या खरेदीदाराने त्यांना जास्त भाव दिला. तुमचे घड फार मोठे आहेत, म्हणतात."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

ग्यानोबाने सुस्कारा सोडला. "मंग ठरलं. एवढ्या लांबचा माणूस सांगून राहिला म्हणल्यावर. उद्या हाव म्हणून टाकतो."

"म्हण बाबा," नागुबाई म्हणाली. "तुझं चांगलं हुत असंल तर म्हण." मग ती मॅडमकडे वळली. "पर बाई, त्यांनी चार बोटं दाखिवली. एक बाजूला गेलं. मागं ऱ्हायलेल्या तिघांचं काय झालं?"

पाहुणे दोघींकडे आळीपाळीने बघत होते. ट्रकवरचा माणूस पुढच्या घडासाठी हात लांब करून उभा होता.

"विचारते," मॅडम म्हणाल्या. त्या पाहुण्यांकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "तुमच्या घरी कोण कोण आहे, असं विचारतायत."

पाहुण्यांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सारला आणि एक फोटो शोधून नागुबाईपुढे धरला. पिवळ्या रंगाच्या घरापुढे त्यांची लेक आणि जावई उभे होते. त्यांच्या पायाशी दोन मुली, हातात कलिंगडाच्या फोडी.

नागुबाईने फोन दोन्ही हातांनी धरला. चीक लागलेलं बोट काचेला लागू न देता ती बराच वेळ बघत राहिली.

"हेच का ते शेजारी?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन ग्यानोबाकडे वळवला. "बघ रे. बरे हायत की. लेकरं बी हसून राहिलीत."