आईचे सात कुर्ते

आई गेल्याला दीड महिना झाला होता आणि सोमवारपासून आभाला पुन्हा ऑफिसला जायचे होते. कपाट गच्च भरलेले असूनही काय घालावे हे तिला सुचेना. आपल्याला नेमके काय शोभते, हे पस्तिशीतही तिला उमगले नव्हते. आईचे तसे नव्हते. तिचे सातच सुती कुर्ते, पण अंगात घालेल तो तिच्याचसाठी बेतलेला वाटे. शेवटी ते सातही पिशवीत भरून आभा पनवेलच्या बाजारात आईच्या शिंपीणबाईंकडे, हौसाताईंकडे गेली.

"ताई, मी फार गोंधळलेय. मला आता आईसारखंच राहायचंय. हे माझ्या मापाचे करून द्या."

हौसाताईंनी एक कुर्ता उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवले आणि टेप बाजूला ठेवली.

"माप कशाला, बाय? जुन्या टाक्यांच्या खुणा हायत ना. तुझंच माप हाय ते."

"माझं?"

"मग! कापड तूच पसंत करायचीस, मी शिवायचे आणि तू चार वेळा घालून टाकून द्यायचीस. आत शिवणीला जादा कापडाची माया ठेवलेली असायची, ती उसवून मी तुझ्या आईला करून द्यायचे. गळा बदलायचा, बाह्या बदलायच्या. तुला वळखू पण नाय आले?"

आभाने कुर्ता उलटसुलट करून पाहिला. तिला काहीच आठवेना.

"आई काही म्हणायची?"

"म्हणायची ना. आमच्या आभाची पसंती लय चांगली, फक्त तिलाच ती पटत नाय."